अक्कलकोटचं दही

"आम्ही जातपात मानत नाही," अप्पा म्हणाले, आणि शांभवीने उचललेला घास परत ताटात ठेवला.

वीरभद्र आरळी हे वाक्य बोलले की त्याच्या मागून काहीतरी येतं, हे त्यांच्या मुलीला सव्वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. जातीविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मात आपण जन्मलो याचा अप्पांना केवढा अभिमान! सोलापुरात चादरीचं दुकान, गळ्यात इष्टलिंग, गल्लीतल्या मठाच्या कमिटीत जागा. भाषण ऐकावं तर अप्पांचं. फक्त भाषण संपल्यावर पाण्याचा पेला कुणाच्या हातून येतोय, ते अप्पा नीट बघून घेत.

"मुलगा मास्तर आहे, निर्व्यसनी आहे. मातंग आहे म्हणून मी नाही म्हणणार नाही." अप्पा दही-भात कालवत होते. "फक्त पोटं जुळतात का बघू. तुझ्याच कंपनीची चाचणी. तीसच्या वर अंक आला तर तारीख मी स्वतः काढतो. खाली आला तर बेंगळुरूचं स्थळ. मग रडायचं नाही."

"लिहून द्याल?"

"बापाकडून लिहून घेतीस होय गं?"

"विज्ञान आहे ना अप्पा. विज्ञानात लिहून घेतात."

अप्पांनी लिहून दिलं. खाली सही, तारीख, सगळं. एवढ्या चटकन दिलं की शांभवीला खटकलं. दुकानात मीटरभर कापड मोजताना चारदा बघणारा माणूस असा बिनघोर सही करत नाही.

२०३६ साली लग्न जुळवताना जात विचारायला कायद्याने बंदी आली आणि त्याच वर्षी 'सुमेळ' कंपनी आली. लोक म्हणाले, योगायोग. शांभवीला तेव्हाही तो योगायोग वाटला नव्हता. पण जंतुशास्त्र शिकलेल्या मुलीला सोलापुरात दुसरी नोकरी कुठं होती? ती सुमेळच्या प्रयोगशाळेत लागली आणि चार वर्षं तोंड मिटून बसली.

चाचणी साधी होती. माणसाच्या तोंडात आणि आतड्यांत अब्जावधी जंतू राहतात. सगळ्यांच्या पोटात साधारण तेच प्रकार असतात, पण प्रत्येक प्रकाराचे वाण वेगळे. ज्वारी सगळीकडे ज्वारीच, तरी मंगळवेढ्याची वेगळी आणि बार्शीची वेगळी, तसं. या वाणांच्या गुणसूत्रांत बारीक फरक असतात आणि ते एका ताटातून दुसऱ्या ताटात, एका पोटातून दुसऱ्या पोटात जातात. एका चुलीवरचं खाणाऱ्यांचे वाण हळूहळू एक होतात. सुमेळचं यंत्र दोन माणसांचे वाण ताडून शून्य ते शंभर असा 'सहअन्न अंक' द्यायचं. नमुने दोन: एक जिभेवरून फिरवलेला बोळा, दुसरा माणसाच्या दुसऱ्या टोकाचा. हिशेबात सगळ्यात जास्त वजन आंबवणाऱ्या जंतूंना, कारण दही, ताक, आंबील ही म्हणे घराची सही.

अंक जास्त तर सून सासरी रुळते, पोटाचे विकार होत नाहीत, असं कंपनी सांगायची. खरं काय ते शांभवीने जुन्या फायली चाळून केव्हाच ओळखलं होतं. ज्यांच्या आज्या-पणज्या एकमेकींच्या दारात पाणी पीत नव्हत्या, त्यांचा अंक बाराच्या वर जात नव्हता. पिढ्यान् पिढ्या वेगळं जेवायला लावलं, आणि आता यंत्र म्हणतं, तुम्ही वेगळे आहात! कुणी जात विचारत नव्हतं. जात पोटातून काढून, छापून, शिक्का मारून हातात देत होते.

तरीही शांभवीने पैज घेतली होती, कारण तिच्याकडे हुकमाचं पान होतं. दोन वर्षं रोज दुपारी कंबर तलावाच्या काठी ती आणि स्वराज एकाच डब्यात जेवत होते. स्वराजच्या आईच्या हातची भाकरी, शेंगाची चटणी, मडक्यातलं दही. तिचा आणि त्या घराचा अंक चाळीसच्या खाली येणंच शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी सुमेळची माहितीपुस्तिका तिच्यापुढे धरली. एका ओळीखाली लाल रेघ होती.

"गृहनमुना," अप्पा म्हणाले. "प्रत्येक घरातून असं एक माणूस, जे कायम घरचंच खातं. तू चालत नाहीस. दुपारी बाहेर डबा खातीस, तुझं पोट हॉटेल झालंय. आरळींचा नमुना मी देणार. चाळीस वर्षं बाहेरचा घास नाही, बाहेरचा चहा नाही."

आता कळलं सही का चटकन झाली ते.

*

"आमच्या हागण्याचा नमुना पायजे व्हय त्यांना?" लहूतात्या खुर्चीतून उठलेच. लहू खंडागळे, स्वराजचे वडील, एसटीत तीस वर्षं कंडक्टर. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. "आजवर आमच्याकडनं सगळं काढून घेतलं, आता हे बी देऊ? डबीत घालून? वर झाकण लावून?"

"तात्या, हळू," स्वराज म्हणाला. "घरकुल ऐकतंय."

"ऐकू दे की! सरकारनं बांधलेल्या भिंती हायत, ऐकणारच!" मग त्यांनी बोट शांभवीकडे वळवलं. "आन् तू पोरी, यंत्र कुणाचं? तुझ्या हापिसाचं. अंक कोण काढणार? तुझी मानसं. उद्या दहा आला की तू म्हणणार, मी काय करू तात्या, विज्ञान हाय. रडत रडत बेंगळुरूला. आमचं पोरगं बसंल तळ्याकाठी डबा धरून."

शांभवीने स्वराजकडे पाहिलं. त्याने आधी तात्यांकडे पाहिलं. फार नाही, श्वासभरच. पण तेवढ्यात तिला दिसलं की ही शंका तात्यांनी आज पहिल्यांदा काढलेली नाही. या घरात ती आधी जेवून गेली आहे.

"तुलाही तसं वाटतं?"

"मला वाटत नाही," स्वराज म्हणाला. "पण तुझे अप्पा हरण्यासाठी खेळणारे नाहीत, आणि तू त्यांचीच मुलगी आहेस."

आतून छायाकाकू हात पुसत आल्या. स्वराजची आई. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की विषय संपायचा.

"माझा घ्या नमुना. ह्या घरात सगळी माझ्या हातचं खात्यात. आणि तुम्ही बसा खाली, बीपीची गोळी घेतली न्हाई अजून." मग शांभवीला म्हणाल्या, "खोटं करायचं आसंल तर आत्ताच सांग बाई. मागनं कळलं तर लई लागंल."

"नाही करणार, काकू."

"बरं. दही खाऊन जा."

*

नमुने सीलबंद झाले, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. केंद्राचे व्यवस्थापक कलशेट्टी अप्पांबरोबर मठाच्या कमिटीत होते. शांभवीला त्या दिवशी यंत्राच्या खोलीत पाय टाकायला मनाई होती. ती बाहेर बाकावर बसून मनाची तयारी करत होती. बारा येईल. फार तर तेरा. मग काय करायचं? पळून जायचं तर तात्यांची शंका खरी ठरत नव्हती, पण अव्वाचं, आईचं, तोंड परत दिसणार नव्हतं. आणि लिहून घेतलेला कागद उलटा तिच्याच गळ्याशी आला होता.

कलशेट्टी कागद घेऊन बाहेर आले.

"अडुसष्ट."

अप्पांनी हवं तेच ऐकलं आणि हसले. "सहा-आठ ना? म्हटलं होतं मी."

"सहा-आठ नव्हे, वीरभद्राप्पा. साठ आणि आठ."

अप्पांनी कागद घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग सरळ मुलीकडे वळले. "काय केलंस?"

"मी बाकावर होते अप्पा. तुमच्या समोर."

"कुणाकडून केलंस?"

त्यांनी उरलेले नमुने स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या मांडीवर धरून पुण्याच्या प्रयोगशाळेत नेले. तिथं ना शांभवीची ओळख, ना कलशेट्टीची. तिथला अंक एकाहत्तर.

इथवर शांभवीला आनंद व्हायला हरकत नव्हती. कागदावर अप्पांची सही होती, अंक तीसच्या दुप्पट. पण तिला आनंद होईना. यंत्र खोटं बोलत नव्हतं, अप्पाही खोटं बोलत नव्हते, आणि दोन्ही एका वेळी खरं असणं शक्य नव्हतं.

माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य छापलेलं होतं. अप्पांनीच ती पुस्तिका मठात वाटली होती, पन्नास प्रती. 'साठच्या वरचा अंक केवळ एकाच स्वयंपाकघरात नियमित जेवणाऱ्या व्यक्तींमध्ये आढळतो.'

आठ दिवसांत गल्लीने ते पान पाठ केलं.

वीरभद्र आरळी खंडागळेबाईंच्या हातचं नियमित जेवतात. कधी? दुपारी, दुकान बंद करून. चाळीस वर्षं बाहेरचा चहा न घेणारा माणूस! आता कळलं चहा का लागत नव्हता. मठाच्या बैठकीत कुणी काही विचारलं नाही. सगळे नुसते अप्पांच्या पोटाकडे बघत होते.

*

अव्वांनी भांडण केलं नाही. त्या ताट वाढायच्या, पाटासमोर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. चौथ्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "भूक असली तरच बसा. तिकडं झालं असलं तर उगी अन्न वाया."

"शिवगंगा, लिंगावर हात ठेवून सांगतो..."

"यंत्रावर हात ठेवून सांगा. तुमचा विश्वास तिकडं आहे."

अप्पांचा चेहरा शांभवीने आयुष्यात पहिल्यांदा असा पाहिला. शंका घेणाऱ्या माणसावर शंका आली की त्याला कुठं उभं राहावं तेच कळत नाही.

आणि खंडागळ्यांकडे? स्वराजचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज कोरडा होता. "तात्या तीन दिवस आईशी बोलत नाहीत. काल म्हणाले, मी ड्युटीवर असताना दुपारी घरी कोण यायचं? एकतीस वर्षांच्या संसारानंतर, शांभवी. आईनं नुसतं दह्याचं मडकं उचलून बाहेर ठेवलं. म्हणाली, माझ्या हातचं खाऊ नका मग."

शांभवी स्वयंपाकघरातच उभी होती. पलीकडे अव्वा रोजच्यासारखं कोमट दुधात दह्याचा चमचा फिरवत होत्या. चमचा तीनदा फिरला, झाकण पडलं, आणि शांभवीला दुसरी एक वाटी आठवली.

दोन वर्षांपूर्वी अव्वांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस दवाखान्यात. घरात दूध तापवायची शुद्ध कुणाला नव्हती. त्यात दही गेलं. हिरवी बुरशी चढली. ते दही साधं नव्हतं. लग्नात अव्वा अक्कलकोटहून वाटीभर विरजण घेऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून ते एक दिवस खंडलं नव्हतं. अप्पा पाहुण्यांना सांगायचे, आमच्या घरचं दही म्हणजे अक्कलकोटचं, बाहेरच्या थेंबाला शिवलेलं नाही. दर सोमवारी त्याच दह्याची बरणी अप्पा स्वतः मठात अभिषेकाला नेत.

अव्वा घरी यायच्या आदल्या दुपारी शांभवी तळ्याकाठी रडत होती. स्वराजने डब्यातली दह्याची वाटी पुढे केली. "एवढंच ना? हे ने. दही ते दही."

तिने नेलं. अप्पांनी पहिला घास घेऊन म्हटलं होतं, "वा! अव्वाच्या हातची चव टिकवलीस पोरी." मग ती गोष्ट ती विसरूनच गेली. नुसती विसरली नाही, खोटं इतकं मुरलं की तिला स्वतःलाच ते अक्कलकोटचं वाटू लागलं. आंबवणाऱ्या जंतूंना सगळ्यात जास्त वजन, हे रोज यंत्रात भरणारी बाई! पण दही म्हणजे बाहेरचं अन्न, असं या घरात कुणाच्या डोक्यात येणार? भाकरी बाहेरची असते, मटण बाहेरचं असतं. दही नेहमी आपलंच.

सकाळी तिने दोन वाट्या यंत्राखाली घातल्या, एक घरची आणि एक स्वराजकडून मागवलेली, छायाकाकूंच्या मडक्यातली. वाण एकच. अक्षराला अक्षर.

आता गप्प बसली असती तर लग्न होत होतं. कागद होता, सही होती, पुण्याचा शिक्का होता. एका बाजूला तिचं लग्न, दुसऱ्या बाजूला दोन बायकांचे संसार. ती रिक्षाने आधी घरकुलात गेली, तात्या, काकू आणि स्वराजला घेऊन आपल्या घरी आली. खंडागळे आरळींच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आले ते असे, रागाने लाल, बसा म्हणायच्या आधीच बसलेले.

तिने सगळं सांगितलं. वाटी, तळं, बुरशी, वाण. काही झाकलं नाही.

मग लहूतात्यांनी बायकोकडे पाहिलं, मान खाली घातली आणि टोपी काढून हातात घेतली. छायाकाकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. एवढ्यात बघणार नव्हत्याच.

अप्पा ओरडले ते उशिरा. "दोन वर्षं! दोन वर्षं मी ते... आणि मठात? सोमवारी? शंभर सोमवार?"

"अभिषेकाला," शांभवी म्हणाली. "नंतर प्रसादाला. कमिटीतल्या सगळ्यांची तपासणी केली तर प्रत्येकाचा अंक छायाकाकूंशी साठ येईल. कलशेट्टीकाकांचा धरून."

अव्वा हसू लागल्या. पदर तोंडाला लावून, पोटावरचा जुना टाका धरून हसू लागल्या.

"तुला काय झालं?" अप्पा म्हणाले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं हे माझं नाही म्हणून. माझं दही आंबट होतं. एकतीस वर्षं आंबट. तुमच्या भीतीनं सासूबाई कधी बोलल्या नाहीत, तुमच्या कौतुकानं मी बोलले नाही. वाटलं, पोरीनं बाजारातनं आणलं असंल. गोड लागतंय, कशाला विचारा?" मग त्या छायाकाकूंकडे वळल्या. "ताई, कशात लावता हो तुम्ही?"

"मातीच्या मडक्यात. आन् दूध लई तापवायचं न्हाई."

"तेच म्हटलं!"

अप्पा उठले, शिंकाळ्यावरचं भांडं काढलं आणि मोरीकडे निघाले. अव्वांनी वाट अडवली नाही. नुसतं म्हणाल्या, "ओता. उद्या सोमवार आहे. बरणी गेली नाही तर लोक विचारतील, का? मग काय सांगणार? दही सांगणार की बाई सांगणार?"

भांडं अप्पांच्या हातात तसंच राहिलं.

*

सोमवारी सकाळी अप्पांनी बरणी उचलली. शाल घेतली. कुणाशी बोलले नाहीत. शांभवीचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ती पन्नास पावलं अंतर ठेवून मागे निघाली. कोपऱ्यावर गटार होतं. तिथं अप्पा थांबले. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. ती चादरीच्या गाठोड्यांआड सरकली. अप्पांनी बरणीचं झाकण काढलं. आता ओतणार, तिला वाटलं. रिकामी बरणी घेऊन जाणार, सांगणार, पाय घसरला.

समोरून कलशेट्टी आले. "काय वीरभद्राप्पा, आज उशीर?"

अप्पांनी झाकण लावलं. फार घट्ट लावलं.

"माशी बसली होती," ते म्हणाले, आणि मठात शिरले.

अर्ध्या तासाने शांभवी रांगेत उभी राहिली. तळहातावर दही-भात पडला. तिने तिथंच चाटून पाहिला. गोड होता. तरी खात्री म्हणून थोडा डबीत घेतला, कारण संशय अंगवळणी पडला की जिभेचंही ऐकवत नाही. प्रयोगशाळेत यंत्राखाली घातला. तोच वाण.

घरी टेबलावर तिने लिहून घेतलेला कागद होता. खाली अप्पांच्या अक्षरात नवी ओळ: 'सतरा तारीख. नोंदणी कार्यालय. मी येईन. दह्याचा विषय काढायचा नाही.'

उरलेला प्रसाद घेऊन ती घरकुलात गेली. तात्यांनी डबी उघडली, वास घेतला, एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत बसले. भात चावायला एवढा वेळ लागत नाही.

"नेलं म्हण की शेवटी," ते म्हणाले.

"प्रेमानं नाही नेलं, तात्या. भीतीनं नेलं. लोक काय म्हणतील म्हणून."

"चालतंय की." तात्यांनी डबी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. आतून छायाकाकूंचा हात आला आणि डबी आत गेली. भांडणानंतर तात्यांच्या हातून काकूंनी घेतलेली ही पहिलीच वस्तू. "आजवर आमीच भ्यालो. आता जरा त्यांना बी भिऊ दे. आन् सतराला सांग तुझ्या अप्पांना, जेवून जायचंय. कढी हाय."